नॉर्थॅलर्टन ते हिंगणघाट

लीड्सहून न्यूकॅसलला जाणारी गाडी यॉर्क सोडते आणि थोड्याच वेळात नॉर्थॅलर्टन नावाचं एक छोटं स्टेशन येतं. कामासाठी महिन्यातून दोनदा मी हा प्रवास करते. चार माणसं उतरतात, चार चढतात, गाडी पुढे निघते. तीन वर्षं मी या स्टेशनाकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं. आता बघते. कारण या गावाजवळ जन्मलेला एक माणूस माझ्या गावात, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात वारला आणि तिथल्याच मातीत पुरला गेला. तारीख २० जानेवारी १८२३. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

हिंगणघाटात बारावीपर्यंत शिकूनही मला हे माहीत नव्हतं, हे सांगायला लाज वाटते. एव्हरेस्ट शिखराचं नाव आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ज्या मोजणीतून त्या शिखराची उंची निघाली, ती मोजणी ज्यानं सुरू केली तो आमच्या कापसाच्या गावात झोपलाय, हे मला कळलं ते इंग्लंडात येऊन, आणि तेही माझ्या एका चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगते.

मी ज्या कंपनीत काम करते ती औषधं साठवायच्या शीतगृहांमधल्या तापमानाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. प्रत्येक सेन्सरसोबत एक दुरुस्तीचा आकडा येतो. हा सेन्सर खऱ्या तापमानापेक्षा इतका जास्त किंवा कमी दाखवतो, तेवढं वजा किंवा अधिक करून घ्या, असं सांगणारा. एका खेपेतल्या सेन्सरसाठी मी तो आकडा वजा करण्याऐवजी अधिक केला. बस, एवढंच. त्यामुळे त्या खेपेतला प्रत्येक सेन्सर अंशाच्या काही भागानं चुकीचं सांगायला लागला, आणि सगळे एकाच दिशेनं. आम्ही त्यांची सरासरी काढून दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत पडद्यावर दाखवत होतो. आलेख इतका सरळ, इतका शांत दिसायचा की मी तो एका मीटिंगमध्ये कौतुकानं दाखवला होता. चार महिन्यांनी एका ग्राहकाकडच्या तपासनिसानं स्वतःचा थर्मामीटर आत ठेवला आणि बिंग फुटलं.

औषधं खराब झाली नाहीत, हे नशीब. पण मग प्रश्न आला की सांगायचं कोणाकोणाला. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाकू, फरक तर किरकोळ आहे, असा एक सूर होता. खरं सांगते, पहिला दिवसभर मलाही तेच हवं होतं.

त्याच आठवड्यात निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यानं मला भारताच्या जुन्या सर्वेक्षणाविषयीचं पुस्तक वाचायला दिलं. तो यॉर्कशायरचा. त्याचा हेतू एवढाच होता, की तापमानाची चूक मोजमापात कशी शिरते ते मी बघावं. शेवटच्या पानांकडे माझ्या गावाचं नाव असेल याची त्यालाही कल्पना नव्हती.

लॅम्बटनच्या जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत, १७५३ आणि १७५६. ज्यानं आयुष्यभर इंचाचे हजारावे भाग मोजले, त्याच्या स्वतःच्या वयात तीन वर्षांची अनिश्चितता राहावी, ही गंमतच. घर साधं, गरिबीचं. नॉर्थॅलर्टनच्या शाळेत गणितात चमकला, पुढे सैन्यात गेला आणि ३३ व्या पलटणीतून अटलांटिकपलीकडे पोहोचला. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यानं आयुष्याची ऐन तारुण्यातली वर्षं घालवली. बराकींची देखभाल, जमिनीची मोजणी आणि उरलेल्या वेळात गणिताची पुस्तकं. सूर्यग्रहण बघताना काळजी न घेतल्यामुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली असं सांगतात. म्हणजे पुढे ज्या माणसानं अख्खी हयात दुर्बिणीला डोळा लावून काढली, त्याच्याकडे त्या कामाचा डोळा एकच होता.

पंचेचाळिशीच्या आसपास, ज्या वयात आपल्याकडे लोक मुलांच्या लग्नाचा विचार करू लागतात, त्या वयात हा गडी कलकत्त्याला उतरला. त्याच्या पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, तोच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन जनरल बेअर्डसोबत होता. श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री तुकडी अंधारातून निघाली असताना लॅम्बटननं आकाशाकडे पाहिलं आणि आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला, थेट शत्रूच्या तोंडात चाललोय, असं जनरलला सांगितलं. जनरलला ते पटेना. होकायंत्र काढून पाहिलं तेव्हा तारे बरोबर निघाले. ही गोष्ट लॅम्बटनच्या चरित्रात हमखास सांगतात. मला ती आवडते, कारण सोबतची सगळी माणसं एकाच दिशेला चालत आहेत हा दिशा बरोबर असल्याचा पुरावा होत नाही, हे माझ्या चारशे सेन्सरांनी मला नुकतंच शिकवलं होतं.

टिपू पडल्यावर म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या हाताखाली आला आणि लॅम्बटननं आपली योजना पुढे केली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकायची, आणि दुसरी साखळी दक्षिणोत्तर. कंपनी सरकारला हवे होते नकाशे. लॅम्बटनच्या मनात त्याहून मोठं काहीतरी होतं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे तोवर मान्य झालं होतं, पण नेमकी किती, हे ठरवायला वेगवेगळ्या अक्षांशांवर एका अंशाची लांबी मोजावी लागते. विषुववृत्ताच्या बाजूला फ्रेंचांनी पेरूच्या डोंगरांत केलेली मोजणी हाच मुख्य आधार होता. हिंदुस्थानात हे काम करता येईल, असं त्याला दिसलं. मद्रासच्या हिशेब बघणाऱ्यांना मात्र हा सगळा वायफळ खर्च वाटला. कुणाला श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांना सांगितलं की पुरे, ते नेऊन सोडतात, त्याला पृथ्वीचा आकार कशाला लागतो, अशा अर्थाचा युक्तिवाद त्यांच्यातल्या एकानं केला होता म्हणे. बजेटच्या मीटिंगा दोनशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत.

आता साखळी. ही खरी पोलादी साखळी होती, शंभर फुटांची, अडीच फुटांच्या चाळीस दांड्यांची, लंडनच्या रॅम्सडेन या नामांकित कारागिराकडची. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून ती इंग्रज वकिलातीबरोबर गेली होती. तिथं तिची किंमत कुणाला कळली नाही. ती कलकत्त्याला डिनविडी नावाच्या शास्त्रज्ञाकडे आली आणि तिथून लॅम्बटनकडे. कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट विल्यम केरीनं लंडनला बनवला. वजन सुमारे अर्धा टन. तो घेऊन येणारं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या वाचकांना हे वाचून बरं वाटेल की तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं पेटीत काय आहे ते कळल्यावर ते यंत्र सौजन्यानं मद्रासला पाठवून दिलं.

थिओडोलाइट यायच्या आधीच, १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ लॅम्बटननं पायारेषा मोजायला घेतली. त्रिकोणांच्या मोजणीत एकच बाजू प्रत्यक्ष जमिनीवर मोजतात. बाकीच्या कोनांवरून गणितानं काढायच्या. म्हणजे पहिल्या बाजूत राहिलेली चूक पुढच्या शेकडो मैलांत त्याच प्रमाणात मिसळत जाणार. म्हणून ही साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची रेषा मोजायला त्यानं ५७ दिवस घेतले. एप्रिल-मे महिन्यांतलं मद्रासचं ऊन डोळ्यांपुढे आणा. साखळी जमिनीवर टाकायची नाही. तिपायांवर लाकडी पेट्या, पेट्यांमध्ये साखळी, टोकाला वजन लावून ठरावीक ताण, आणि शेजारी थर्मामीटर. शंभर फूट झाले की पुन्हा सगळं उचलून पुढे. अशी साखळी जवळजवळ चारशे वेळा लावली. दिवसाला सरासरी सातच वेळा.

थर्मामीटर का, ते इंजिनिअर असल्यामुळे मला हिशेब करून बघावंसं वाटलं. पोलाद तापलं की लांबतं. शंभर फुटांची साखळी एक अंश सेल्सिअसनं तापली तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. नखाच्या जाडीएवढं. कोण विचारतो? पण ती चारशे वेळा लावायची आहे. समजा, प्रत्येक वेळी तापमान वाचताना एका अंशाची चूक झाली, कधी जास्त, कधी कमी, जशी होईल तशी. मग चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एकूण चूक चारशेपट होत नाही, चारशेच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे वीसपट होते. बारा किलोमीटरला सात मिलिमीटर. झकास. पण समजा थर्मामीटरच एक अंश जास्त दाखवतोय, किंवा सावलीतला थर्मामीटर आणि उन्हातली साखळी यांच्यात रोज एकाच दिशेचा फरक आहे. मग कुठलीच चूक दुसरीला खात नाही. पूर्ण चारशेपट. चौदा सेंटिमीटर! चूक तीच, एक अंशाची. फक्त तिला दिशा आहे की नाही, एवढ्यावरून उत्तरात वीसपटीचा फरक.

हा हिशेब मी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर केला आणि वही मिटून बराच वेळ तशीच बसले. माझ्या सेन्सरांचं नेमकं हेच झालं होतं. सरासरीनं इकडेतिकडे उडणाऱ्या चुका शांत केल्या होत्या आणि जी चूक एकाच बाजूला उभी होती तिला हातही लावला नव्हता. उलट तिला सरळ रेषेचं आणि दोन दशांश घरांचं प्रतिष्ठित रूप दिलं होतं.

कॉलेजात हे शिकवलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. लंबकाचे वीस झोके मोजून गुरुत्व त्वरण काढायचं. जर्नलच्या शेवटी त्रुटींचा एक रकाना असायचा आणि त्यात आम्ही सगळेजण एकाच मुलीच्या वहीतून एकच आकडा उतरवायचो. उत्तर ९.८ यायलाच हवं, नाही तर सही मिळत नाही, म्हणून निरीक्षणं उत्तरावरून उलटी लिहायची. झोके मोजायच्या आत तक्ता तयार! यात मी पटाईत होते. मोजमापाची चूक म्हणजे लपवायची गोष्ट, हा धडा मात्र आम्ही मन लावून शिकलो.

त्यापेक्षा बाबांना जास्त कळत होतं असं आता वाटतं. ते जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाची गाडी चढवण्याआधी काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही, हे ते रोज सकाळी आणि दुपारी जेवून आल्यावर पुन्हा बघायचे. दुपारी का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ऊन लागल्यावर काटा हलतो, असं त्यांनी सांगितलं होतं. लॅम्बटनही कामाची साखळी दुसऱ्या साखळीशी ताडून बघायचा, कारण वापरानं सांधे झिजतात आणि साखळी नकळत लांब होते.

पुढची वीस वर्षं हा माणूस चालत राहिला. एका टेकडीवर थिओडोलाइट, दूरच्या दोन टेकड्यांवर निशाणं. यंत्राचं वर्तुळ तीन फूट व्यासाचं. त्याच्या कडेवर एक सेकंदाचा कोन म्हणजे मिलिमीटरचा साधारण पाचशेवा भाग. पण तीस मैलांवरच्या टेकडीपाशी तेवढीच चूक वीतभर होते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून तेच कोन पुन्हा पुन्हा वाचायचे. हवा स्वच्छ मिळावी म्हणून पावसाळ्यातही काम करायचं. निशाणं धरून डोंगरांवर बसणारे खलाशी, झाडं तोडणारे, अर्धा टन ओझं कड्यांवर चढवणारे किती होते आणि तापानं किती गेले, त्यांची नावं पुस्तकात नाहीत. लॅम्बटनच्या हाताखाली मद्रासच्या मोजणीशाळेतून आलेला जोशुआ द पेनिंग मात्र नावानिशी भेटतो. तो पोरवयात आला आणि लॅम्बटनच्या शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिला.

त्रिकोणाचं एक बरं असतं. तो स्वतःची चूक स्वतःच सांगतो. शाळेत तीन कोनांची बेरीज १८० अंश शिकलो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते. तीस मैल बाजूच्या त्रिकोणात सुमारे पाच सेकंद. तेवढं धरूनही बेरीज जुळली नाही तर जो फरक उरतो ती तुमची चूक. ती आहे हे कळतं, तिन्ही कोनांपैकी कुठल्या कोनात आहे ते कळत नाही. ती कशी वाटून टाकायची याची रीत, जिला आज आपण किमान वर्गांची पद्धत म्हणतो, फ्रान्सच्या लझांद्रनं १८०५ मध्ये छापली आणि जर्मनीच्या गाउसनं १८०९ मध्ये. लॅम्बटन तेव्हा दक्षिणेच्या डोंगरांत फिरत होता. त्यानं ती वाटणी अनुभवानं, कुठलं वाचन चांगल्या हवेतलं आणि कुठलं नाही, हे तोलून केली. शिवाय ठरावीक अंतरानंतर नवी पायारेषा जमिनीवर मोजायची आणि त्रिकोणांवरून काढलेल्या लांबीशी ताडायची. १८०४ मध्ये बंगळूरजवळ असं केलं तेव्हा मद्रासहून दोनशे मैल त्रिकोण मोजत आल्यानंतर काही इंचांचाच फरक निघाला. मंगळूरचा किनारा गाठला तेव्हा दक्षिण हिंदुस्थान नकाशात दाखवला होता त्यापेक्षा चाळीस मैल अरुंद निघाला. चारशे नव्हे, तीनशे साठ मैल. पालखीच्या भोयांचा दाखला देणारे नंतर जरा गप्प झाले असावेत.

मग १८०८ साल आणि तंजावर. सपाट भातशेतीचा मुलूख, टेकडी नाही, म्हणून लॅम्बटन मंदिरांच्या शिखरांवर यंत्र चढवत होता. बृहदीश्वराचं शिखर सगळ्यांत उंच. तंजावरला तेव्हा आपले सरफोजीराजे भोसले गादीवर होते आणि भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरून झालेला होता. थिओडोलाइट दोरांनी वर ओढताना यंत्र भिंतीपासून दूर धरणारा दोर तुटला. अर्धा टन पितळ आणि पोलाद दगडी भिंतीवर आदळलं. पेटी फुटली, आणि ज्या वर्तुळावर कोन कोरलेले होते तेच वाकलं.

सहा वर्षांचं काम ज्या यंत्रावर उभं, ते वाकडं झालेलं. नवं इंग्लंडहून मागवायचं तर वर्षं लागणार, आणि मद्रासमध्ये खर्चावर टपलेले लोक बसलेले. लॅम्बटन यंत्र घेऊन तंबूत शिरला आणि सहा आठवडे जवळपास बाहेर आलाच नाही. वर्तुळाचा मूळ आकार फळीवर आखून घेतला आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ते वर्तुळ केसाकेसानं ओढत मूळ आकारावर आणलं. पन्नाशी उलटलेला, एका डोळ्यानं बघणारा माणूस. या सहा आठवड्यांबद्दल मी खूप विचार केला. मला वाटतं, अवघड भाग हातोडी-पाचरीचा नसेल. यंत्र दिसायला गोल झालं, आता ते बरोबर आहे असं म्हणायचं कशाच्या आधारावर, हा असेल. त्यानं ते यंत्राला पुढच्या त्रिकोणांवर लावून ठरवलं. बेरजा बघितल्या, आणि १८०९ मध्ये दूर दक्षिणेला पाळयंकोट्टईजवळ नवी पायारेषा मोजली. पुढे गुत्ती, बिदर अशा आणखी रेषा झाल्या. हेच डागडुजी केलेलं यंत्र अनेक वर्षं चाललं.

एक चूक मात्र यंत्राची नव्हती. अक्षांश काढायला डोक्यावरचे तारे बघायचे, आणि डोक्यावर म्हणजे कुठे हे ओळंबा सांगतो. बंगळूरजवळच्या एका ठाण्यावर आकडे काही केल्या जुळेनात. लॅम्बटनला संशय आला की ओळंबाच किंचित कलतोय, जमिनीखालचा जड खडक त्याला ओढतोय. ओळंबा, गवंड्याचा ओळंबा, ज्याच्यावर सगळं जग विश्वास ठेवतं, तोच सरळ नाही! आज खनिजं शोधायला हीच गोष्ट मोजतात. त्या काळी ती फक्त हिशेबातली कटकट होती, आणि लॅम्बटननं ती हिशेबाबाहेर फेकली नाही.

१८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं. १८१८ पासून मोजणीला ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण, तापट अधिकारी त्याचा मदतनीस म्हणून आला. एव्हरेस्ट अचूकपणाबाबत गुरूपेक्षा कडक निघाला. त्यानं पुढे जुन्या यंत्रांवर शंका घेतल्या, कोन वाचायच्या नव्या रीती बसवल्या, आणि नंतरच्या पिढीनं लॅम्बटनचा दक्षिणेचा भाग पुन्हा मोजून काढला. शिखराला एव्हरेस्टचं नाव १८५६ मध्ये सुचवलं गेलं. कलकत्त्यात राधानाथ सिकदार यांच्या हिशेबात त्या शिखराची सरासरी उंची बरोबर २९,००० फूट आली होती, पण इतका गोल आकडा कुणी खरा मानणार नाही म्हणून दोन फूट वाढवून २९,००२ जाहीर केली, अशी कथा आहे. खोटी असली तरी चालेल, माझ्या दोन दशांश घरांना ती चपखल बसते.

लॅम्बटनचं एक तैलचित्र आहे, १८२२ मध्ये विल्यम हॅवेलनं काढलेलं. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. टक्कल पडत चाललेला, थकलेला म्हातारा. छाती पोखरलेली होती, खोकला जात नव्हता. तरी त्या हिवाळ्यात त्यानं हैदराबादचं बिऱ्हाड उचललं आणि कचेरी नागपूरला न्यायची म्हणून उत्तरेकडे निघाला. तोपर्यंत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख मोजून झाला होता आणि दक्षिणोत्तर रेषा कन्याकुमारीकडून जवळजवळ दहा अंश वर आली होती. हिंगणघाटला तेव्हा नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. नागपूर तिथून पन्नासेक मैल. तेवढं अंतर राहिलं. सत्तरीच्या आसपास, किंवा सदुसष्टीच्या, जे साल धराल त्याप्रमाणे.

मी पुस्तक परत दिलं आणि माझ्या वरिष्ठांना लेखी कळवलं की चूक कोणत्या दिवसापासून होती, किती अंशांची होती, कोणत्या दिशेची होती आणि दुरुस्तीनंतरही किती शंका उरते. सगळ्या ग्राहकांना तसं पत्र गेलं. एक ग्राहक सोडून गेला. माझं त्या वर्षीचं प्रमोशनही गेलं, त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पडद्यावर आता आकड्यापुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं. विक्री विभागाला ते अजून आवडत नाही.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. लॅम्बटनबद्दल ऐकून ते म्हणाले की गावात कुठल्यातरी साहेबाचं थडगं आहे एवढं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं, पण कोण, कुठला, कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी ते शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मागे बसून बघायला निघाले आणि तिथून मला मोबाइलवर ठिकाण पाठवलं. मी इथं उघडलं तर निळा ठिपका, आणि ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ, दोन-चार घरं सहज पोटात घेणारं. नेमका कुठे उभा आहे ते दिसतंय का, असं बाबा विचारत होते. मी सांगितलं की त्या वर्तुळात कुठेतरी. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की बरं, डिसेंबरात ये, मग टेप घेऊन जाऊ.